थोरली पाती, धाकटी पाती आणि मुक्ताईची ताटी

देवास म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना कुमार गंधर्व आठवतात. मला आत्या आठवते. माझी आत्या सिस्टर आहे, म्हणजे कॉन्व्हेंटमधली, आणि गेली बरीच वर्षं देवासजवळच्या एका गावातल्या दवाखान्यात नर्स आहे. त्यामुळे ती दोन्ही अर्थांनी सिस्टर. घरात आम्ही तिला सिस्टर-आत्या म्हणतो. या अंकासाठी ‘पुस्तकांतली आणि पडद्यावरची भावंडं’ हा विषय मिळाला तेव्हा मी ठरवलं होतं की सरळ पाच-सहा सिनेमे घ्यायचे आणि लिहून टाकायचं. पण मे महिन्यात आत्याकडे आठ दिवस राहून आले आणि लेखाची गाडी दुसऱ्याच रुळावर गेली. कारण देवास हे गावच मुळात दोन भावांची गोष्ट आहे.

एक रस्ता, दोन राज्यं

इंदूरहून देवास पस्तीसेक किलोमीटर. १७२८ साली पहिल्या बाजीरावांच्या माळव्यातल्या मोहिमांच्या काळात तुकोजी आणि जिवाजी पवार या दोन सख्ख्या भावांनी इथे आपला जम बसवला. थोरल्या तुकोजींची शाखा ती ‘थोरली पाती’, धाकट्या जिवाजींची ती ‘धाकटी पाती’. पाती म्हणजे हिस्सा. पातीदार म्हणजे भागीदार. सुरुवातीला कारभार एकत्र होता. दोघांचं राज्य, दोघांचं गाव. पुढच्या पिढ्यांना ते जमेना. एकोणिसाव्या शतकात वाटण्या झाल्या आणि दोन स्वतंत्र संस्थानं तयार झाली. दोन्ही मिळून नऊशे चौरस मैलांहूनही कमी मुलूख, आणि राजधानी मात्र दोघांची एकच. देवास शहराच्या मुख्य रस्त्याची एक बाजू एका पातीची, दुसरी बाजू दुसऱ्या पातीची. दिवाबत्तीची व्यवस्था वेगळी, पाण्याची व्यवस्था वेगळी. १९४८ मध्ये दोन्ही संस्थानं मध्य भारतात विलीन झाली तेव्हा कुठे हा रस्ता पुन्हा एकाच गावाचा झाला.

हे सगळं आत्या मला टेकडीच्या पायऱ्या चढता चढता सांगत होती. आता रोपवे आहे, पण आत्याचा हट्ट असा की चालत जायचं. वर देवीची दोन ठाणी आहेत: तुळजाभवानी ही ‘बडी माता’ आणि चामुंडा ही ‘छोटी माता’. गावात सांगतात की या दोघी बहिणी. एकदा त्यांचं भांडण झालं. एक रागावून पाताळात जायला निघाली, दुसरी टेकडी सोडून चालू लागली. मग हनुमान आणि भैरव यांनी मध्ये पडून समजूत घातली आणि दोघी जिथे होत्या तिथेच थांबल्या. मला गंमत वाटली. खाली दोन भाऊ, वर दोन बहिणी. फरक एवढाच की बहिणींची समजूत घालायला कुणीतरी धावलं.

फॉर्स्टरचा मुक्काम

इंग्रजी साहित्य घेतलेल्यांनी आता सावरून बसा. ई. एम. फॉर्स्टर १९१२-१३ च्या हिवाळ्यात देवासला येऊन गेला आणि १९२१ मध्ये तर थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांचा खासगी सचिव म्हणून काही महिने इथे राहिला. त्या दिवसांतली पत्रं आणि आठवणी मिळून ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक १९५३ मध्ये आलं. नावातली ‘हिल’ म्हणजे आम्ही चढलो तीच टेकडी. एका गावात दोन दरबार ही भानगड फॉर्स्टरला चांगलीच मजेशीर वाटली आहे.

पण मला विचारात पाडलं ते दुसऱ्याच गोष्टीने. देवास बघण्याआधी, १९१० मध्ये, याच माणसाने ‘हॉवर्ड्स एन्ड’ लिहिली होती. तिच्यात मार्गारेट आणि हेलन या श्लेगल बहिणी आहेत, त्यांचा आळशी धाकटा भाऊ टिबी आहे आणि एक घर आहे. ते घर कोणाला मिळणार, हाच कादंबरीचा मोठा प्रश्न. मरताना एक बाई ते घर मार्गारेटच्या नावे चिठ्ठीत लिहून जाते आणि तिच्या घरचे लोक ती चिठ्ठी फाडून टाकतात. मधल्या काळात दोघी बहिणींचं बिनसतं. शेवटी मात्र त्या त्याच घरात एकत्र राहायला लागतात. १९९२ चा सिनेमा बघितला नसेल तर जरूर बघा. एमा थॉम्पसनला त्यातल्या मार्गारेटसाठी ऑस्कर मिळालं आणि हेलना बॉनहॅम कार्टरची हेलन तर विसरता येत नाही. दोघींमधला दुरावा मिटतो तो कुठल्या भाषणाने नव्हे. त्या घरात मांडून ठेवलेलं आपलं लहानपणापासूनचं सामान दोघींना दिसतं आणि एकमेकींची ओळख पुन्हा पटते. तोच लेखक पुढे देवासला येतो आणि बघतो की इथे भावांच्या वंशजांनी रस्तासुद्धा वाटून घेतला आहे!

बहीणबंदकी का नाही?

आता शब्दाकडे येते. मराठीत भावावरून दोन मोठे शब्द आहेत. एक भाऊबीज, दुसरा भाऊबंदकी. एका शब्दात ओवाळणी, दुसऱ्यात कोर्टकचेरी. खाडिलकरांच्या १९०९ सालच्या नाटकाचं नावच ‘भाऊबंदकी’. त्यात नारायणराव पेशव्यांचा खून आहे. म्हणजे सख्ख्या चुलत्या-पुतण्यातलं वैर. हा शब्द आपल्याला इतका सवयीचा आहे की त्यात ‘भाऊ’ आहे हे आपण विसरूनच गेलो आहोत.

पण ‘बहीणबंदकी’ असा शब्द का नाही? बहिणी भांडत नाहीत म्हणून? माझ्या मावश्यांना भेटलात तर असं म्हणणार नाही. मला वाटतं कारण साधं आहे: बहिणीला वाटाच नव्हता, तर भांडणार कशावरून? भाऊबंदकी हा जमिनीतून उगवलेला शब्द आहे. ज्याच्या नावावर सातबारा, त्याच्याच नावाने भांडणाचा शब्द.

हे एकदा लक्षात आलं की आपली नाटकं वेगळीच दिसायला लागतात. महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ मध्ये विजया मेहतांनी रंगमंचावर आणलं. विदर्भातल्या धरणगावातला देशपांड्यांचा वाडा. वडील गेले आहेत. मुंबईहून सुधीर येतो, गावात भास्कर आहेच, आणि तेराव्याचा खर्च कुणी करायचा इथून सुरुवात होते. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर गंजतो आहे. भावांची धुसफूस आपल्याला लगेच कळते कारण ती मोठ्याने चालते. पण मी दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा माझं लक्ष प्रभाकडे होतं. प्रभा ही बहीण. तिला शिकायचं होतं, वडिलांनी शिकू दिलं नाही. लग्नही झालं नाही. वाटणीच्या सगळ्या बोलण्यात ती खोलीत असते आणि हिशोबात नसते. चंदू हा धाकटा भाऊही तसाच, घरात राबणारा. वाटणीच्या गोष्टीत कोण कोण भांडतंय हे तर बघायचंच, पण भांडायचा हक्कच कुणाला नाही हेही बघायचं, हे मला या नाटकाने शिकवलं.

तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ (पहिला प्रयोग १९७०, दिग्दर्शन श्रीराम लागू) याच्या पुढचं टोक. रमाकांत, उमाकांत आणि माणिक ही भावंडं पैशासाठी बापाला आणि एकमेकांना अक्षरशः ओरबाडतात. तिथे बहीणही गिधाडांमध्ये आहे. म्हणजे बहीण असली की माया आपोआप आली, असं काही नाही. तेंडुलकर कुणालाच सूट देत नाहीत.

धारचा राजा आणि पुस्तकातला राजा

देवासहून एक दिवस आम्ही धारला गेलो. तिथेही पवारच, देवासकरांच्या चुलत घराण्यातले. उदाजी पवारांवरची पेशव्यांची मर्जी गेली आणि धारची सत्ता त्यांचे भाऊ आनंदराव यांच्याकडे आली. पण धारची त्याहून जुनी भावंडं आहेत परमार राजे. वाक्पती मुंज थोरला, सिंधुराज धाकटा, आणि सिंधुराजाचा मुलगा म्हणजे प्रसिद्ध राजा भोज.

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला मेरुतुंग नावाच्या जैन आचार्यांनी ‘प्रबंधचिंतामणी’ हा ग्रंथ लिहिला. त्यातली गोष्ट भयंकर आहे. मुंज आपल्या भावाचे डोळे काढतो, त्याला कैदेत टाकतो. पुढे भविष्य ऐकून घाबरतो आणि पुतण्या भोजाला मारायची आज्ञा देतो. भोज मरण्याआधी काकासाठी एक श्लोक लिहून पाठवतो. आजवर कोणताच राजा जाताना जमीन बरोबर घेऊन गेला नाही, असा त्याचा रोख. मुंजाला पश्चात्ताप होतो, आणि भोज जिवंत आहे हे कळल्यावर तो त्याला जवळ घेतो.

आता इतिहास काय म्हणतो? मुंजानंतर गादीवर बसला तो सिंधुराजच, आणि त्याच्यानंतर भोज. भावानंतर भाऊ, मग मुलगा, असं ते राज्य चालत गेलं. डोळे काढलेल्या कैद्याला काही कुणी गादीवर बसवत नाही. मग मेरुतुंगांनी असं का लिहिलं असेल? मला वाटतं, गुण्यागोविंदाने नांदलेल्या भावांची गोष्ट होत नाही. तीनशे वर्षांनंतरच्या श्रोत्याला रंग हवा असतो, आणि भाऊबंदकीइतका ओळखीचा रंग दुसरा नाही. काळजी करण्यासारखी गोष्ट ही की अशा गोष्टी ऐकून ऐकून आपल्यालाही वाटायला लागतं की भाऊ म्हणजे आज ना उद्या बिनसणारच. पुस्तकं आयुष्यातून घेतात हे खरं, पण आयुष्यही पुस्तकांतून घेतं.

ताटी

मग मराठीत दुसऱ्या प्रकारची भावंडं नाहीत? आहेत, आणि तीच आपली सगळ्यात लाडकी आहेत. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई. आईवडील गेलेले, गावाने वाळीत टाकलेलं. वाटायला काहीच नाही. प्रभातचा ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) आजही बघवतो तो चमत्कारांमुळे नाही, चार पोरांच्या एकमेकांना धरून राहण्यामुळे.

त्यांच्यातला माझा आवडता प्रसंग ताटीचा. लोकांच्या वागण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीची ताटी, म्हणजे दार, लावून आत बसतात. मुक्ताई, सगळ्यांत धाकटी, बाहेर उभी राहून त्यांची समजूत काढते. ‘ताटीचे अभंग’ ते हेच. ती रडत नाही, तुम्ही थोर आहात म्हणून हात जोडत नाही. जो साधू म्हणवतो त्याने रागावून कसं चालेल, हे मोठ्या भावाला तोंडावर सांगते. आणि दार उघडतं.

२०१४ मध्ये परेश मोकाशींनी ‘एलिझाबेथ एकादशी’ केला तेव्हा पंढरपुरातल्या त्या दोन भावंडांची नावं ज्ञानेश आणि मुक्ता ठेवली, ती उगाच नाही. (मुक्ताला सगळे झेंडू म्हणतात.) वडील नाहीत, कर्जापायी आईचं स्वेटर विणायचं मशीन गेलेलं. ते सोडवायला आई वडिलांनी बनवलेली सायकल विकायला निघते. सायकलीचं नाव एलिझाबेथ. पोरं एकादशीच्या जत्रेत बांगड्यांचा गाडा लावतात. त्या दोघांची इस्टेट काय, तर एक सायकल. ती तुझी की माझी हा प्रश्न त्यांना पडत नाही, कारण ती वाचली तर दोघांची वाचते. ‘श्यामची आई’मध्ये श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून आणतो, तेही याच जातीचं.

म्हणजे गरिबीत प्रेम आणि पैशात भांडण, असं आहे का? इतकं सोपं नसावं. गरीब भावंडं भांडलेली मी पाहिली आहेत, तीही एका पत्र्यावरून. फरक मला दुसरा दिसतो. वाटणीच्या गोष्टीत सगळे आपापल्या बाजूला उभे राहून मोजत असतात. ताटीच्या गोष्टीत कुणीतरी एक जण उठून दुसऱ्याच्या दारापर्यंत जातो. गोष्ट वळते ती तिथे.

आमची विहीर

आता घरचं सांगते, कारण आत्याच्या त्या पायऱ्यांवर खरं बोलणं याचंच झालं.

वसईत आमची वाडी आहे. आजोबा गेल्यानंतर पप्पा आणि काका यांच्यात वाटणी झाली. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार मुलगा-मुलगी सारखेच वारस. हिंदू कुटुंबांत वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मजात हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. आमच्याकडे कायदा कितीतरी आधीपासून होता. पण कायदा असून काय होतं? आत्याने हक्कसोडपत्रावर सही केली. तिने तर दारिद्र्याचं व्रतच घेतलेलं, तिचं समजू शकते. पण गावातल्या इतर आत्यांनीही केली, आणि त्यांनी कसलंच व्रत घेतलेलं नव्हतं.

मग ओट्याच्या मधोमध भिंत आली. विहीर मात्र वाटता येईना. म्हणून तिच्यावर दोन पंप बसले, एक आमचा, एक काकांचा. देवासच्या रस्त्यावर पाण्याची व्यवस्था वेगळी होती हे आत्याने सांगितलं तेव्हा मी हसले आणि मग हसू थांबलंच. सात वर्षं झाली, पप्पा आणि काका बोलत नाहीत. रविवारी एकाच मिसाला जातात, वेगवेगळ्या बाकांवर बसतात, आणि ‘शांती असो’ म्हणताना दोघेही समोर बघतात.

मी आत्याला विचारलं, “तू का नाही मध्ये पडत? तुझं दोघं ऐकतील.”

ती म्हणाली, “लूकचा बारावा अध्याय वाच.”

रात्री वाचला. गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो की माझ्या भावाला सांग, माझा वाटा दे म्हणून. आणि येशू चक्क नकार देतो. मी काय तुमचा वाटण्या करणारा आहे का, अशा अर्थाचं बोलतो आणि लोभापासून जपा म्हणून सांगतो. मला राग आला. म्हटलं, हे काय उत्तर झालं?

सकाळी आत्याला तसं बोलले. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “अगं, तो वाटणी करून द्यायला नाही म्हणतो. भावाकडे जाऊ नको असं म्हणतो का? तुझ्या पप्पांनी मला दहा वेळा फोन केला, काकाने दहा वेळा. दोघांना मी न्यायाधीश म्हणून हवी आहे. एकानेही विचारलं नाही की तो कसा आहे. आणि मी तिकडून सही करून मोकळी झाले, हेही काही मोठं काम नाही केलं. तेव्हा बोलायला हवं होतं.”

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरला भाऊ रागावून बाहेरच उभा राहतो, बाप त्याला बोलवायला बाहेर येतो. तो आत गेला की नाही, हे लूकने लिहिलेलंच नाही. मराठीचा पेपर असता तर ‘शेवट अपूर्ण वाटतो’ म्हणून मी गुण कापले असते. आता वाटतं, तो शेवट मुद्दाम रिकामा ठेवला असेल, ज्याच्या त्याने लिहायला.

एलकुंचवारांनीही ‘वाडा चिरेबंदी’वर थांबून चाललं नाही. ‘मग्न तळ्याकाठी’मध्ये पुढची पिढी येते. भास्करचा पराग आणि सुधीरचा अभय, दोघे चुलत भाऊ, बापांनी सोडलेल्या जागेवरून एकमेकांशी बोलू लागतात.

घरी आल्यावर मी दादाशी बोलले. आधी आमच्या दोघांचंच. “उद्या मला हक्कसोडवर सही करायला सांगणार आहेस का?” असं सरळ विचारलं. तो म्हणाला, “मी कधी विचारच केला नाही.” खरं सांगितलं त्याने. मी म्हटलं, “मग आता कर.” त्यावर त्याने दोन दिवस माझ्याशी धड बोलणं टाळलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच विषय काढला. ते बोलणं अजून चालू आहे. सोपं नाही, पण ताटी उघडी आहे.

मग नाताळला मी आणि दादा फराळाचा डबा घेऊन भिंतीपलीकडे गेलो. पप्पांना सांगून गेलो, विचारून नाही. काकीने दार उघडलं. काका आत टीव्ही बघत होते. त्यांनी आवाज कमी केला आणि दादाला एवढंच विचारलं, “पंप नीट चालतोय ना तुमचा?” आम्ही हो म्हटलं. पाच मिनिटं बसलो, निघालो.

एवढंच झालं. भिंत तशीच आहे. सिनेमा असता तर दोघे भाऊ विहिरीपाशी मिठी मारून रडले असते. तसं काही झालेलं नाही. पण आमचा डबा अजून काकांकडेच आहे, आणि आमच्याकडे भांडं रिकामं परत पाठवायची पद्धत नाही.